रहीमसाहेबांचे नऊ दिवस आणि आमच्या कॉलनीची टीम



या पानावर सुलतान बाजारातले जुने वाडे, गणपतीचे मेळे, विवेक वर्धिनीतले मास्तर यांच्या आठवणी येतात आणि मी त्या आवडीनं वाचतो. आज मी फुटबॉलवर लिहितोय. आपल्यापैकी बऱ्याच घरांत हा विषय कधी निघालाच नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो. थोडं भांडणही आहे यात. पटलं नाही तर खाली खुशाल लिहा.

निमित्त घरचंच. माझा नातू बारा वर्षांचा आहे. बरकतपुऱ्यात आमच्या कॉलनीतल्या मुलांची सात जणांची टीम आहे आणि रविवारी सकाळी पलीकडच्या गल्लीतल्या टीमशी त्यांची मॅच असते. दिवाळीच्या आसपास आमची मुलं सलग दोनदा हरली, ०-३ आणि ०-२. दुसऱ्या मॅचनंतर एका मुलाच्या वडिलांनी सगळ्यांना रांगेत उभं करून सुनावलं. तुमच्यात दमच नाही, ते लढतात आणि तुम्ही नुसते फिरायला येता, वगैरे. नातू घरी आला, बूट बाल्कनीत टाकले आणि काही बोलला नाही. पुढच्या रविवारी म्हणाला, "आजोबा, पोट दुखतंय." हे पोटदुखणं मी ओळखतो. बँकेत रिव्ह्यू मीटिंगच्या दिवशी सकाळी माझंही असंच दुखायचं.

त्याच आठवड्यात आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मैदान' सिनेमाचा एक तुकडा फिरत आला. सय्यद अब्दुल रहीम यांच्यावरचा, २०२४ साली आलेला सिनेमा. खाली लिहिलं होतं की डोक्याला टाके पडलेले असताना खेळाडू मैदानात उतरला, याला म्हणतात जिद्द, आजच्या पोरांनी शिकावं. दहा जणांनी हात जोडले होते. मी उत्तर लिहिलं आणि पुसून टाकलं. ते इथे सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं असं आहे की रहीमसाहेबांच्या गोष्टीतून आपण चुकीचा धडा घेतो. ज्या टीमनं आपल्याला हरवलं तिला पुन्हा गाठायचं तर आधी आपण कुठे हरलो ते शोधावं लागतं, आणि मग आपलीच माणसं हलवावी लागतात. जिद्द लागतेच, पण ती कुणाकडे नसते? समोरच्याकडेही असतेच की.

आता जकार्ता. १९६२च्या एशियन गेम्समध्ये भारताची पहिली मॅच २६ ऑगस्टला दक्षिण कोरियाशी झाली आणि आपण ०-२ हरलो. फायनल ४ सप्टेंबरला, पुन्हा त्याच कोरियाशी, आणि ती आपण २-१ जिंकलो. मध्ये फक्त नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत थायलंडला ४-१, जपानला २-० आणि सेमीफायनलमध्ये दक्षिण व्हिएतनामला ३-२ असं हरवलं. नऊ दिवसांत कुणाचा दम वाढत नाही. उलट एवढ्या मॅचेस खेळून माणूस थकतो. मग बदललं काय?

बदलली ती मांडणी. जर्नेल सिंग हे आपले मधले बॅक, आशियातल्या उत्तम बचावपटूंपैकी एक. थायलंडच्या मॅचमध्ये त्यांच्या डोक्याला लागलं, टाके घालावे लागले आणि जपानविरुद्ध ते बाहेर बसले. सेमीफायनलला रहीमसाहेबांनी त्यांना परत घेतलं, पण बॅकला नाही, पुढे सेंटर फॉरवर्ड म्हणून. मागची जबाबदारी अरुण घोष आणि इतरांवर टाकली. जर्नेल यांनी सेमीफायनलला एक गोल केला आणि फायनललाही एक. फायनलचा पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा. पहिल्या वीसेक मिनिटांतच आपण २-० पुढे होतो. कोरियाचा एकुलता एक गोल अगदी शेवटी शेवटी झाला.

दुसरी गोष्ट गोलकीपरची. पीटर थंगराज आजारातून उठलेले होते आणि मधल्या मॅचेस प्रद्युत बर्मन यांनी चांगल्या सांभाळल्या होत्या. "जो चांगला खेळतोय त्यालाच ठेवा," असंच कुणीही म्हणालं असतं. रहीमसाहेबांनी फायनलला थंगराजना उभं केलं, कारण कोरियाचे उंचावरून येणारे बॉल काढायला त्यांची उंची हवी होती. बर्मन यांचं काही चुकलं नव्हतं. प्रश्न फक्त एवढाच होता की समोर कोण आहे.

यात माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्या. पहिल्या मॅचमध्ये कोरियाच्या बॅकनी चुनी गोस्वामी, पी. के., बलराम यांना पाहून घेतलं होतं, कुणाला कसं अडवायचं ते त्यांना कळलं होतं. जर्नेलसारखा धिप्पाड गडी पुढे आला तर त्याचं काय करायचं, याची तयारी त्यांच्याकडे नसणार. नवा खेळाडू आणायची सोय रहीमसाहेबांकडे नव्हती. होती तीच माणसं, फक्त जागा नव्या.

हे एका रात्रीत सुचलेलं नाही. १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं हरवलं तेव्हाही रहीमसाहेबच कोच होते. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळायचे. १९५६ला मेलबर्नमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवून आपण सेमीफायनलला गेलो. त्या मॅचमध्ये नेव्हिल डिसोझांनी तीन गोल केले. सेमीफायनलला समोर परत युगोस्लाव्हिया. तेव्हा पहिला गोल आपला झाला आणि शेवटी १-४ हरलो. १०-१ वरून ४-१. मी आयुष्यभर ताळेबंद वाचले, मला हा आकडा जिंकलेल्या मॅचेसइतकाच महत्त्वाचा वाटतो. तोटा चार वर्षांत एवढा खाली आणणारा माणूस रडत बसलेला नसतो, वह्या भरत बसलेला असतो.

आणि हा माणूस आपल्या गल्लीतला होता हो! रहीमसाहेब पेशानं शिक्षक. काचीगुड्याच्या मिडल स्कूलमध्ये त्यांनी शिकवलं, पुढे चादरघाट हायस्कूलमध्ये खेळ सांभाळले. हैदराबाद सिटी पोलिसांची टीम त्यांनी घडवली. त्या टीमनं १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. मुलांसाठी ते अशा स्पर्धा घ्यायचे की ज्यात बॉल घेऊन पळायला बंदी, पास द्यायचाच. किंवा ज्याचा जो पाय कच्चा, त्यानं त्याच पायानं खेळायचं. दोष कुठे आहे ते ओळखायचं आणि त्यावरच काम करायचं. यात शिवी नाही, टोमणा नाही.

१९६२ला मी अकरा वर्षांचा होतो. घरी रेडिओवर बातमी लागली तेव्हा काका टाळ्या वाजवून उठले आणि आई म्हणाली, "जेवण गार होतंय." एवढंच आठवतं. आमच्या घरात फुटबॉल म्हणजे 'त्यांचा' खेळ होता. आपली मुलं अभ्यास करणार, फार तर क्रिकेट. फतेह मैदानावर मॅच बघायला काका एकटेच जायचे आणि परत आल्यावर आजी त्यांना ओरडायची. पुढच्याच वर्षी, जून १९६३मध्ये, रहीमसाहेब कॅन्सरनं गेले. माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी त्यांचं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. काचीगुड्यात राहून! ही आपल्या समाजाची चूक होती असं मी आज म्हणतो. वडीलधाऱ्यांचा मान ठेवून म्हणतो, पण म्हणतो.

आता परत बरकतपुऱ्यात येऊ. तिसऱ्या रविवारी मी नातवाला म्हटलं, "खेळू नकोस. ती टीम दुसऱ्या कुणाशी खेळतेय, आपण नुसते बघायला जाऊ." बरोबर एक वही घेतली. मी इन्स्पेक्शनला जायचो तेव्हा एक नियम होता, आधी आकडे आणि मग मत. त्यानं मोजलं, मी लिहिलं. त्या टीमचे अकरा हल्ले झाले, त्यातले आठ त्यांच्या डाव्या बाजूनं. तिथे एक डावखुरा मुलगा आहे, वाऱ्यासारखा पळतो, पण उजव्या पायानं त्याला काही येत नाही. त्यांचा गोली दर वेळी लांब किक एकाच उंच मुलाकडे मारतो. आणि त्यांचा शेवटचा बॅक जोशात पुढे जातो तो परत येत नाही.

घरी येऊन तीनच वाक्यं लिहिली. गोलीची किक आली की उंच मुलाबरोबर उड्या मारायच्या नाहीत, बॉल खाली पडतो तिथे उभं राहायचं. डावखुऱ्याला बाहेरून जाऊ द्यायचं नाही, आत वळवायचं म्हणजे बॉल त्याच्या उजव्या पायावर येतो. आणि बॉल मिळाला की पळत सुटायचं नाही, पहिला पास त्यांच्या बॅकनं मोकळ्या सोडलेल्या जागेत. तीनच का, तर बारा वर्षांच्या मुलाला मॅचच्या धांदलीत चौथं वाक्य आठवत नाही. बँकेत मोठ्या माणसांनासुद्धा आठवायचं नाही.

अडचण दुसऱ्या वाक्यात होती. त्या डावखुऱ्याबरोबर पळू शकेल असा आमच्याकडे एकच मुलगा, माझा नातू. आणि तो फॉरवर्ड. गोल मारायचे म्हणून तर तो खेळतो. टीमच्या मुलांनी वही वाचली आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "कैकू? मैंच कैकू?" मी मध्ये पडलो नाही. रात्री जेवताना मात्र त्याला जर्नेल सिंगांची गोष्ट सांगितली. ते मागचे होते, पुढे गेले. तू पुढचा आहेस, मागे ये. बराच वेळ तो वरणात भात कालवत बसला. मग विचारलं, "त्यांना राग नाही आला?" मला काय माहीत! खरं तेच सांगितलं, "आला असेलही. पण गेले."

टाक्यांची गोष्ट त्याला सांगताना मी जपून सांगितली. त्यावर माझं ठाम मत आहे. त्या काळात खेळाडू तसे खेळायचे, जर्नेल यांच्या धैर्याला नमस्कार. पण तो भाग मुलांपुढे आदर्श म्हणून ठेवू नका. आज डोक्याला मार लागला की खेळाडूला बाहेर काढून तपासतात आणि त्यासाठी वेगळा बदली खेळाडू द्यायची तरतूदही नियमांत आली आहे. तुमचा मुलगा पडला, डोकं धरून बसला, तर मॅच गेली खड्ड्यात, त्याला घरी आणा. शिकायचीच असेल तर त्या मॅचमधली जागेची अदलाबदल शिका.

चौथ्या रविवारी मॅच झाली. आमचा उंच, जरा जड मुलगा पुढे उभा राहिला आणि नातू मागे. डावखुऱ्यानं पहिल्या दहा मिनिटांत तीनदा बाहेरून जायचा प्रयत्न केला, नंतर आत वळायला लागला आणि त्याचे बॉल कुठेही जायला लागले. आमचा गोल त्या मोकळ्या जागेतूनच झाला, जड मुलानं मारला, आणि मारल्यावर त्यालाच खरं वाटेना. त्यांचा गोल कॉर्नरवर झाला. कॉर्नरचं आम्ही काहीच लिहिलं नव्हतं, ती चूक माझी. मॅच १-१ अशी सुटली.

जिंकलो नाही. पण परत येताना मुलं रडत नव्हती, भांडत होती, की कॉर्नरला कुणी कुठे उभं राहायला हवं होतं. तो डावखुरा मुलगा नातवाजवळ येऊन म्हणाला, "मियाँ, तुम आज पीछे कैकू खेले?" नातवानं उत्तर दिलं नाही, नुसता हसला. आणि ज्यांनी मुलांना रांगेत उभं केलं होतं ते गृहस्थ म्हणाले, "थोडा और दम लगाते तो जीत जाते." असो.

माझी विनंती तुमच्यापैकी आजी-आजोबांना आहे. मूल हरून आलं की त्याला दम, जिद्द, संस्कार यावर ऐकवू नका. शेजारी बसा आणि एवढंच विचारा, "बॉल कुठून येत होता?" उत्तर देता देता ते स्वतःच विचार करायला लागतं. आणि ज्याची जागा आपण बदलायला सांगतो त्याला का ते सांगा. ते त्याचं नुकसान असतं, ते मान्य करा.

बूट बाल्कनीतून आत आले आहेत. येत्या रविवारी कॉर्नरचं पान लिहायचं आहे.

कुणाच्या घरी फतेह मैदानावरच्या जुन्या मॅचेसचे फोटो, तिकिटं, पेपरातली कात्रणं असतील तर इथे जरूर टाका. माझ्या काकांसारखे एकटे जाणारे आणखी काही जण आपल्यात नक्की असतील. त्यांची नावं निदान आपल्या घरांत तरी राहू द्या.