ग्रँट आणि आपली मंडळे

‘फौंडेशनची ग्रँट’ हा शब्द आता आपल्या वस्त्यांतही रुळला आहे. कचऱ्याचे, पाण्याचे काम करणाऱ्या लहान महिला मंडळांना परदेशी पैसा बहुधा थेट येत नसे. मोठी संस्था तो घेई, त्यातला वाटा मंडळाला देई. सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही वाट बंद झाली. आलेला पैसा आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मंडळाने स्वतःच नोंदणी मागायची, तर त्याला तीन वर्षे झालेली हवीत आणि तेवढ्या काळात कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. धुणीभांडी करून मंडळ चालवणाऱ्या भगिनींनी पंधरा लाख आणायचे कुठून? मोठ्यांना कायदा जाचला, लहानांचे दारच मिटले.

पुण्याची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ पाहा. १९९३ साली उभ्या राहिलेल्या या संघटनेत बहुतेक सभासद दलित कचरावेचक भगिनी. त्या दरवर्षी वर्गणी भरतात. पुढे त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने २००८ मध्ये महापालिकेशी करार केला. घरोघरचा कचरा उचलायचा, मोबदला घराघरांतून घ्यायचा. ग्रँट जरूर घ्यावी. पण वर्गणी भरणारी बाई हिशेब मागू शकते, आणि हे बळ ग्रँटने येत नाही.

देशी कंपन्यांचा सामाजिक निधीही आहे. त्यालाही नोंदणी, आयकराचे १२ए व ८०जी आणि कामाचा तीन वर्षांचा दाखला लागतो. आपल्या मंडळाचे गेल्या वर्षीचे हिशेब तपासून झाले का, हे येत्या रविवारी विहारात अवश्य विचारा.