निर्णय आधी, चौकशी मागाहून

न्यायाधीशाने प्रथम निकाल द्यावा आणि मग साक्षीपुरावा ऐकावयास बसावे, असा प्रकार एखाद्या न्यायालयात घडला तर त्यास कोणी न्याय म्हणणार नाही. परंतु मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत आपल्या देशात हाच क्रम रूढ झाला आहे, आणि त्याला ‘पर्यावरणीय आघात मूल्यमापन’ असे भारदस्त नाव आहे. पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदराची कथा या क्रमाचा ठळक नमुना होय.

तारखा पाहाव्यात. फेब्रुवारी 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या बंदरास तत्त्वतः मान्यता दिली. जुलै 2023 मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने ना हरकत दिली. 19 जानेवारी 2024 रोजी पालघर येथे जनसुनावणी झाली. 16 फेब्रुवारीस पर्यावरण मंजुरी मिळाली. जूनमध्ये मंत्रिमंडळाने 76,220 कोटी रुपयांच्या खर्चास संमती दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. बंदर व्हावे हे 2020 सालीच ठरले. ते झाल्याने काय होईल, याची विचारणा लोकांकडे चार वर्षांनी झाली. तत्त्व एकदा मान्य झाल्यावर चौकशीला उरते ते केवळ तपशिलाचे काम. ‘हे करावे काय’ हा प्रश्न गळून पडतो आणि ‘कोणत्या अटींवर करावे’ एवढाच शिल्लक राहतो.

वाढवणच्या बाबतीत हे अधिक खटकते, कारण येथे मूळ प्रश्नाचे उत्तर एकदा मिळालेले होते. 20 जून 1991 रोजी केंद्र सरकारनेच अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. तालुक्यात उद्योगांसाठी अवघी 500 एकर जमीन ठरविण्यात आली आणि सभोवार 25 किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवावयाचे ठरले. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. एका परदेशी कंपनीने वाढवण येथे बंदर बांधण्याचा घाट घातला, तेव्हा 1998 साली या प्राधिकरणाने असे बंदर येथे होऊ शकत नाही असा निर्णय दिला. न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी 2019 मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी तेच बंदर पुन्हा उभे राहिले; यावेळी परदेशी कंपनीच्या नव्हे तर सरकारच्या नावाने. नव्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा 74 टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा 26 टक्के आहे.

मग 1991 च्या अधिसूचनेचे काय झाले? ती रद्द झाली नाही. शब्दाचा अर्थ तेवढा बदलला. 2020 सालीच केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना ‘लाल’ उद्योगांच्या वर्गातून काढून बिगर-औद्योगिक कार्यांत घातले. उद्योगांना बंदी आहे. बंदर हा उद्योगच नव्हे. सबब बंदी लागू नाही! जेथे 500 एकर ही उद्योगांची कमाल मर्यादा होती, तेथे 1,448 हेक्टर, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून अधिक समुद्र बुजविला जावयाचा आहे. समुद्र तोच, किनारा तोच, मासळीच्या विणीच्या जागाही त्याच. बदलला तो फक्त कागदावरील रकाना.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. 2023 ची ना हरकत अटींसह दिलेली होती, तिच्यामागे तज्ज्ञ संस्थांचे अहवाल होते, आणि मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये ती ग्राह्य धरली. त्यावरील अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली. तेव्हा सर्व काही बेकायदा झाले, असे म्हणून भागणार नाही. दुखणे याहून खोल आहे. सर्व काही कायद्याच्या चौकटीत राहूनही अन्याय होऊ शकतो, इतकी ती चौकट सैल आहे.

ही चौकट सहज मिळालेली नाही. डिसेंबर 1984 च्या भोपाळ दुर्घटनेनंतर 1986 साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याखाली 27 जानेवारी 1994 रोजी आघात मूल्यमापन बंधनकारक झाले, 1997 साली जनसुनावणीची तरतूद आली आणि 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने आजची पद्धती घालून दिली. प्रकल्पाची छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरविणे, लोकांशी विचारविनिमय आणि तज्ज्ञ समितीचे परीक्षण, असे तिचे चार टप्पे आहेत. कागदावर ही रचना उत्तम दिसते. परंतु मूल्यमापनाचा अहवाल कोण तयार करतो? ज्याला प्रकल्प हवा आहे, तोच. सल्लागार संस्था तो निवडतो, तिचे शुल्क तो देतो, आणि पुढचे काम द्यावे की न द्यावे हेही तोच ठरवितो. संस्थेला मान्यतेचा शिक्का लागतो हे खरे. पण शिक्क्याने मिंधेपणा नाहीसा होत नाही. सावकाराच्या कारकुनाने कुळाच्या कर्जाचा हिशेब तपासावा, तसाच हा प्रकार. अमुक एक सल्लागार अप्रामाणिक आहे, असा आरोप करण्याची गरजच नाही. माणसे प्रामाणिक असोत वा नसोत, ज्याचे मीठ खावे त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढणे अवघड जाते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजते.

जनसुनावणीची अवस्था याहून केविलवाणी आहे. 2006 ची अधिसूचना म्हणते की सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या निकट व्हावी. बंदर होणार डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावर, सुनावणी झाली पालघरला, जिल्ह्याच्या ठिकाणी. ज्या बाईचे पोट रोजच्या मासळीविक्रीवर चालते, तिने दिवसाची कमाई बुडवून तेथे जावे आणि आपले म्हणणे काही मिनिटांत मांडावे, अशी अपेक्षा. तिच्यासाठी मराठीत असतो तो अहवालाचा सारांश. नकाशे, आकडे आणि गृहीतके ज्यात आहेत तो जाडजूड अहवाल इंग्रजीत. शिवाय सुनावणीत कितीही विरोध नोंदला गेला तरी तो बंधनकारक नाही. प्रकल्पकर्त्याने आक्षेपांना उत्तर लिहिले की त्याचे कर्तव्य संपले. सुनावणीनंतर तज्ज्ञ समितीला परीक्षणासाठी 60 दिवस आणि सरकारला निर्णयासाठी 45 दिवस, अशी मुदत कायद्याने दिली आहे. वाढवणच्या बाबतीत सुनावणीपासून मंजुरीपर्यंत अवघे 28 दिवस पुरले. आदिवासीचा वनहक्काचा दावा वर्षानुवर्षे पडून राहतो. येथे मात्र शासनयंत्रणेला पंख फुटले!

आता प्रकल्पाच्या समर्थकांचा युक्तिवाद पाहू. वाढवणजवळ समुद्राची नैसर्गिक खोली सुमारे 20 मीटर आहे, जगातील सर्वांत मोठी मालवाहू जहाजे तेथे लागू शकतील, बारा लाख रोजगार निर्माण होतील, असे सरकार सांगते. खोलीचा मुद्दा खरा आहे आणि देशाला बंदरे हवीत हेही खरे. समाजवादी विचार यंत्राचा किंवा बंदराचा द्वेष करीत नाही. परंतु रोजगाराच्या बेरजेसमोर वजाबाकी कोठे आहे? डहाणू-चिंचणी-वरोरच्या पट्ट्यातील मांगेले, वैती व इतर मच्छीमार, बोंबील सुकविणाऱ्या स्त्रिया, घोलवड परिसरातील चिकूच्या बागाईतदारांकडे राबणारे वारली मजूर, दागिन्यांचे ठसे बनविणारे घरगुती कारागीर, यांचे रोजगार आजही उभे आहेत आणि त्यांसाठी सरकारला पैशाचीही गुंतवणूक करावी लागलेली नाही. त्यांतील किती बुडतील, हा आकडा त्याच ठळक अक्षरांत का छापला जात नाही?

बंदर भर समुद्रात असल्याने कोणाचेही घर उठणार नाही, असेही सांगितले जाते. या वाक्यात सारी लबाडी भरली आहे. शेतकऱ्याच्या जमिनीला सातबारा असतो. मच्छीमाराच्या समुद्राला तो नसतो. घर जागेवर राहिले आणि शेत गेले तर त्या शेतकऱ्याला कोणी सुरक्षित म्हणेल काय? मच्छीमाराचे शेत पाण्याखाली आहे, म्हणून ते हिशेबात धरावयाचे नाही! भरावासाठी दमणनजीकच्या समुद्रतळातून वाळू उपसली जाईल, तेव्हा तेथल्या मासेमारीचा प्रश्नही तसाच.

विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने 1950 साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाविषयी ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की नफ्याच्या व्यवस्थेत उद्योजक आपल्या खर्चाचा मोठा भाग तिऱ्हाइतांच्या आणि साऱ्या समाजाच्या अंगावर ढकलतो. हा अपघात नसून त्या व्यवस्थेचा स्वभावच आहे. आघात मूल्यमापनाचे खरे प्रयोजन हा ढकललेला खर्च उघड करणे हे होते. आज त्याचा उपयोग तो झाकण्यासाठी होत आहे. मालकी सरकारी आहे म्हणून हे सूत्र बदलत नाही. बंदराची रचना खासगी भागीदारीची आहे. नफ्याला भागीदार सापडतात, तोट्याला मात्र कोळीवाडाच एकटा धनी.

परंतु याच डहाणूने दुसरा धडाही दिला आहे. तेथील औष्णिक वीजकेंद्रावर गंधकवायू शोषून घेणारे संयंत्र बसविण्यास कंपनीची टाळाटाळ चालू असता, धर्माधिकारी प्राधिकरणाने ते बसवावयास भाग पाडले. वीजकेंद्र बंद पडले नाही आणि चिकूच्या बागांनाही संरक्षण मिळाले. याचा अर्थ असा की तपासणारी संस्था सरकार आणि कंपनी या दोहोंपासून स्वतंत्र असेल, स्थानिक जनता तिच्यापर्यंत पोहोचू शकत असेल, तर विकास आणि निसर्ग यांचा मेळ घालता येतो.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मूल्यमापनाआधी कोणत्याही प्रकल्पास मंत्रिमंडळाने तत्त्वतः देखील मान्यता देऊ नये. सल्लागाराचे शुल्क प्रकल्पकर्त्याने एका सार्वजनिक निधीत भरावे आणि सल्लागाराची नेमणूक स्वतंत्र प्राधिकरणाने करावी. संपूर्ण अहवाल लोकांच्या भाषेत मिळावा आणि सुनावणी बाधित गावांत व्हावी. आदिवासी भागात ग्रामसभेचा नकार हा नकार मानला जावा. आणि मच्छीमारांचा समुद्रावरील परंपरागत हक्क कायद्याने मान्य होऊन बुडणाऱ्या रोजगाराचा हिशेब मंजुरीपूर्वी प्रसिद्ध व्हावा.

या मागण्या केवळ निवेदनांनी पदरात पडणार नाहीत. पर्यावरण हा शहरी सुशिक्षितांचा छंद आहे, ही समजूत समाजवादी चळवळीतही बराच काळ होती. ती आता टाकून दिली पाहिजे. हवा, पाणी, जंगल आणि समुद्र ही गरिबाची भांडवली ठेव आहे, कारण त्याच्याजवळ दुसरी ठेवच नाही. सुनावणीची नोटीस निघाल्यावर किमान 30 दिवस मिळतात. त्या 30 दिवसांत गावोगाव अहवाल वाचून दाखविणे, त्यातील आकडे प्रत्यक्षाशी ताडून पाहणे, कोणत्या घरातून कोणता रोजगार जाणार याची यादी गावकऱ्यांकडूनच तयार करवून घेणे, ही कार्यकर्त्याची कामे आहेत. घोषणा विसरल्या जातात. सुनावणीच्या इतिवृत्तात नोंदलेला आकडा न्यायालयातही बोलतो. वाढवणला पायाभरणी झाली असली तरी किनाऱ्यावरचा लढा संपलेला नाही. आणि पुढच्या प्रकल्पाची नोटीस कोणत्या गावच्या चावडीवर लागेल, हे आज कोणासही सांगता येणार नाही.