घरातली यंत्रं : "हो डबो उठना रे!"



चतुर्थी झाली, माटोळीची फळं उतरली आणि गावाला गेलेली माणसं पुन्हा आपापल्या शहरांत कामाला लागली. या महिन्यात मी इन्व्हर्टरबद्दल लिहीन असं म्हटलं होतं. पण चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी माझ्या आजोळी, पाळीला, जे घडलं ते आधी सांगतो. त्यात माझी थोडी बदनामी आहे, पण तुमचा फायदा आहे.

पाळी हे डिचोली तालुक्यातलं, साखळीजवळचं गाव. खाणींचा पट्टा. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातलं खाणकाम थांबलं, त्याआधी या रस्त्यांवरून खनिजाचे ट्रक एकामागून एक जायचे. आमच्या आजोळच्या अंगणातली तुळससुद्धा तांबडी दिसायची. त्या घरात माझी मोठी मामी राहते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे.

मामीने एक काम केलं आहे. पौषात मांडावर बायका धालो खेळतात, चतुर्थीत फुगड्या घालतात. त्या वेळची गाणी तिने गावातल्या म्हाताऱ्या बायकांसमोर बसून उतरवून घेतली. आधी वह्यांत. त्या वह्यांना वाळवी लागली. उरलेल्या वाचवायच्या म्हणून साठी उलटल्यावर ती टायपिंग शिकली आणि एकेक गाणं संगणकात घातलं. एक गाणं, एक फाईल. अशी १४३ गाणी. त्यातली ११ माझ्या आईने सांगितलेली. आईला जाऊन आता सहा वर्षं झाली.

या घराला संगणकाची ओळख तशी जुनी. मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सरकारने 'सायबरएज' योजनेत अकरावीच्या मुलांना नाममात्र पैशांत संगणक दिले, तेव्हा माझ्या मामेभावालाही मिळाला होता. खेड्यातल्या कित्येक घरांत पहिला संगणक आला तो असा. त्याने बरीच वर्षं इमानाने काम केलं. सध्याचा डबा हा त्याचा वारस, २०११ मध्ये सुटे भाग जोडून घेतलेला.

आता बदनामीचा भाग. गेल्या तीन चतुर्थ्यांना मी मामीला सांगत आलो, "पुढच्या वेळी सगळ्या फाईलींची एक प्रत करून ठेवू." दर वेळी नेवऱ्या खाल्ल्या, गप्पा झाल्या आणि निघालो. लोकांना सल्ले देणारं सदर लिहितो मी!

या वेळी दारातच मामी म्हणाली, "बाबू, हो डबो उठना रे! मेलो काय कितें?"

मे महिन्यात तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून संगणक बंद. पावसात वीज कडाडते म्हणून प्लगही काढून ठेवलेला. चतुर्थीच्या आधी लावून पाहिला, तर ना दिवा, ना आवाज. माझ्या पोटात गोळा आला, पण चेहरा तज्ज्ञाचा ठेवला.

मंडळी, "संगणक चालू होत नाही" ही एक तक्रार नाही, तीन आहेत. एक, काहीच होत नाही: दिवा नाही, पंखा नाही. दोन, पंखा फिरतो पण पडदा काळा. तीन, पडद्यावर काहीतरी येतं पण विंडोज उघडत नाही. आधी यातली कुठली ते ठरवायचं आणि मगच हात लावायचा. आमची सुरुवात पहिल्या प्रकाराने झाली.

मामेभावाची मुलगी अकरावीत आहे. तिला म्हटलं, टेबलावरचा दिवा आण. त्याच सॉकेटला लावला, पेटला. म्हणजे भिंतीपर्यंत वीज आहे. पुढचा टप्पा यूपीएस. त्याचं बटण दाबलं, तर तोच ढिम्म. घरगुती यूपीएसची बॅटरी साधारण तीनेक वर्षांत थकते, आणि चार महिने चार्ज न होता पडून राहिली तर लवकरच. बॅटरी पूर्ण गेली की बरेच यूपीएस भिंतीत वीज असूनही सुरू होत नाहीत. यूपीएस बाजूला केला, संगणकाची वायर थेट सॉकेटला लावली, मागचं लहान बटण चालू असल्याची खात्री केली आणि पुढचं दाबलं. पंखा फिरला! मामीने देवाकडे बघून हात जोडले.

पडदा मात्र काळाच. आणि आतून एक लांब बीप, थांबून पुन्हा बीप. म्हणजे आम्ही पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात आलो. ही प्रगतीच असते, खचायचं नाही. संगणक सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो: मेमरी आहे का, पडद्याला चित्र देणारा भाग आहे का. काही चुकलं तर पडद्यावर सांगता येत नाही, म्हणून बीप वाजवतो. बीपांचा अर्थ मदरबोर्डाप्रमाणे बदलतो, पण थांबून थांबून येणारी लांब बीप बऱ्याचदा रॅमची असते.

प्लग काढला, नुसतं बटण एकदा दाबून आतली उरलेली वीज जाऊ दिली आणि बाजूचं झाकण उघडलं. आत तांबड्या धुळीचा थर. एका कोपऱ्यात पालीची अंड्यांची टरफलं. मऊ ब्रशने धूळ काढली. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवली. रॅमच्या दोन्ही टोकांचे खटके उघडून पट्टी बाहेर काढली. पावसाळ्यात चार महिने संगणक गरम झाला नाही की दमट हवा आत मुरते आणि त्या सोनेरी दातांवर मळकट थर धरतो. शाळेतला साधा पांढरा खोडरबर दातांवरून हलके फिरवायचा, चुरा झटकायचा आणि पट्टी पुन्हा बसवायची. दोन्ही खटके आपोआप बंद झाल्याचा 'टक' ऐकू आला पाहिजे. हे काम पुतणीने केलं. बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली.

एक बजावून ठेवतो. पंख्यासकट जी चौकोनी पेटी मागे असते, ज्यात विजेची वायर जाते, तो पॉवर सप्लाय. तो कधीही उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही त्याच्या आत जीवघेणा दाब शिल्लक असू शकतो. सॉकेट, वायर, बटण सगळं ठीक असूनही पंखा हलत नसेल, तर ती पेटी दुकानात नेऊन तपासायची.

आता तिसरा प्रकार. पडद्यावरची तारीख कित्येक वर्षं मागची. विंडोजचं चिन्ह दिसे, क्षणभर निळा पडदा चमके आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. असं तीनदा झालं. पुतणी म्हणाली, "काका, विंडोज नवीन टाकूया ना. दुकानवाले तेच करतात."

इथे मी तिचा हात धरला. नवीन विंडोज टाकताना बहुतेक वेळा जुनी डिस्क पुसली जाते. संगणक उठला असता, पण १४३ गाणी गेली असती. आधी माहिती बाहेर काढायची आणि मगच दुरुस्ती. दुकानात देतानाही हे मोठ्याने सांगा, कारण दुकानदाराला यंत्र दिसतं, आतली गाणी दिसत नाहीत.

मागची तारीख हा मात्र मोठा पुरावा होता. मदरबोर्डवर एक चपटा गोल सेल असतो, सीआर २०३२. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. प्लग लावलेला असतो तोवर या सेलवर फारसा भार नसतो. प्लग काढला की घड्याळ त्याच्यावरच चालतं आणि बऱ्याच मदरबोर्डांत सेटिंगही तोच जपतो. चार महिने प्लग काढलेला, सेल जुना. तो संपला आणि संगणक आपली सेटिंग विसरला. चतुर्थीत दुकान कुठून उघडं मिळणार? पुतणीने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातला सेल काढून आणला. तोच निघाला!

सेल बदलला, तारीख लावली. पण डिस्कमधून मधूनमधून 'कट्कट्' असा आवाज येत होता आणि तो मला आवडला नाही. अशी डिस्क जितकी चालवाल तितकी ती मरणाकडे जाते. म्हणून विंडोजच्या नादी न लागता माझ्याजवळच्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं. ते डिस्कवर काही न लिहिता पेन ड्राइव्हवरून चालतं आणि त्यातून जुन्या डिस्कवरच्या फाईली उचलता येतात. मामीचा फोल्डर दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतला. १३४ फाईली आल्या. ९ अडकल्या. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, त्या आल्या नाहीत.

एक फाईल उघडून दाखवली तर मामी मटकन खाली बसली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. "सगळीं गाणीं मोडलीं!"

मोडली नव्हती. पूर्वी आपण मराठी टाईप करायचो ते बऱ्याचदा युनिकोड नसलेल्या फॉन्टांत. संगणकाच्या लेखी ती इंग्रजीचीच अक्षरं. त्यांना देवनागरीचं रूप देणारा फॉन्ट त्या संगणकावर असेल तरच मराठी दिसतं. लिनक्समध्ये तो फॉन्ट नव्हता, एवढंच. प्रत हातात आल्यावर मी निवांतपणे डिस्कची विसरलेली सेटिंग पूर्वीसारखी केली. माझ्या मदरबोर्डवर ती 'एएचसीआय' या नावाने आहे. विंडोज उघडलं, फॉन्ट मिळाला, गाणी दिसली. घरी आल्यावर ती सगळी युनिकोडमध्ये बदलून घेतली.

पण त्या ९ गाण्यांचं काय?

संध्याकाळी वाड्यावरच्या बायका फुगडीला आल्या. मामीने विषय काढला. सहा गाणी तिला स्वतःलाच पाठ होती, ती सांगत गेली आणि पुतणी मोबाईलवर उतरवत गेली. सातवं दोघीतिघींनी मिळून जुळवलं. आठवं ज्या म्हाताऱ्या आजीने सांगितलं होतं ती आता नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. नववं आईचं होतं. मामीला त्याचं अर्धंच आठवलं. मला तर चालही आठवली नाही. लहानपणी ते मी कितीदा ऐकलं असेन.

"अर्धें तरी आसा," मामी म्हणाली. तिने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तीन चतुर्थ्या माझ्याच डोक्यात फिरत होत्या.

तर तरुण मंडळींनो, यूपीएस, रॅम, सेल हे सगळं मिळून माझे दोन तास आणि एक खोडरबर गेला. नवीन सेलला वेळ लागला असता तरी चाललं असतं. जे परत आलं नाही ते यंत्रामुळे गेलं नाही, एकच प्रत होती म्हणून गेलं. नियम सोपा आहे, ३-२-१ : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. आता मामीची गाणी तिच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवर आहेत, माझ्या घरच्या डिस्कवर आहेत आणि पुतणीने इंटरनेटवरही ठेवली आहेत. शिवाय मी सगळी कागदावर छापून, बांधून पाठवली. कागदाला वाळवी लागते, डिस्कला वय लागतं. दोघांना एकाच दिवशी काही होण्याची शक्यता कमी.

आणि संगणक महिनोन् महिने बंद ठेवायचा असेल, तर निदान पंधरवड्यातून एकदा तासभर चालवा. पावसाळ्यात तर नक्कीच. वीज कडाडत असेल तेव्हा मात्र प्लग काढा.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा जेवण झालं का विचारून झाल्यावर आणखी एक विचारा: तुमच्याकडे असं काय आहे, ज्याची एकच प्रत आहे? लग्नाचा व्हिडिओ असेल, आजोबांच्या आठवणी असतील, मामीची गाणी असतील. उत्तर मिळालं की "पुढच्या वेळी करू" म्हणू नका. ते मी म्हणून पाहिलं आहे.

पुढच्या महिन्यात इन्व्हर्टर, नक्की.