म्हाताऱ्या फियाटचा दम



मांजरी बुद्रुकच्या एका वाचकाने विचारले आहे : वडिलांनी घेतलेली जुनी प्रीमियर पद्मिनी घरात आहे. घरची मंडळी बसली की सासवडला जाताना दिवे घाटात ती धापा टाकते. गॅरेजवाला म्हणतो, बोअर करा, हेड घासा, ताकद वाढेल. पैसे आहेत, पण ते थोरल्या मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेत. काय करावे?

आधी हिशेब करू. पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर; एकूण १०८९ सी.सी. व्यास अर्धा मिलिमीटर वाढवला तर होतात ११०५ सी.सी. म्हणजे शंभराला दीड! एवढ्याने घाट सोपा होत नाही. सिलिंडर खरोखर झिजला असेल तर बोअर करावाच लागतो. पण त्याने गेलेली ताकद परत येते, नवी येत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की ताकद मुळात कमी आहे की कुठे वाया जाते आहे?

बिनखर्चाची तपासणी घरीच करा. सपाट जागेवर, दुसऱ्या चाकांना दगड लावून, जॅकवर एकेक चाक उचला आणि हाताने फिरवा. जड फिरले तर ब्रेक घासतो आहे. टायरमधली हवा बघा. एअर फिल्टर झटका. इंजिन बंद ठेवून मुलाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि कार्बुरेटरची झडप पूर्ण उघडते का ते पाहा. ती अर्धीच उघडत असेल तर निम्मा दम तिथेच अडकला आहे.

मग गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन मोजून घ्या. एका सिलिंडरचे कमी भरले तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हचा. ते बसवून घेणे बोअरपेक्षा स्वस्त पडते. सोबत टॅपेट, पॉइंट, प्लग आणि टायमिंग नीट करून घ्या. वर्षानुवर्षे हात न लागलेल्या इंजिनाला एवढ्यानेच फरक पडतो.

आता पेट्रोलचे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट मांजरीतच आहे, तेव्हा उसापासून इथेनॉल निघते हे मांजरीकरांना सांगायला नको. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या मापाच्या कार्बुरेटरला पेट्रोल कमी पडते. पिकअप जातो, इंजिन तापते. प्लग काढून बघा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काळा असेल तर जास्त, बिस्किटी रंगाचा असेल तर ठीक. पांढरा पडत असेल तर मेन जेट किंचित मोठा बसवून घ्या. पितळेचा लहानसा तुकडा असतो तो. मात्र पेट्रोलचे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारे घाला. यात काटकसर नको. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर आग लागते.

हेड घासल्याने थोडी ताकद वाढते हे खरे. पण गाळ साचलेला रेडिएटर तसाच ठेवून हेड घासले तर घाटात गाडी तापेल आणि गॅस्केट उडेल. आधी रेडिएटर साफ, मग बाकीचे. दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवायचा सल्ला कोणी दिला तर लक्षात ठेवा, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे असते. तिथे ही भानगड अंगाशी येते.

शेवटची गोष्ट ब्रेकची. पद्मिनीचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, ड्रमचे. चढायला दम आला म्हणून उतरायचा वेग वाढवू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. पाठीमागे मुले बसलेली असतात.

वाचक बंधूंना आमचे सांगणे असे : आधी तपासणी, मग ट्युनिंग, मग रेडिएटर आणि ब्रेक. एवढे करूनही गाडी दमली तर बोअरचा विचार पुढच्या वर्षी करा. घाटात दोन मिनिटे उशीर झाला तरी चालेल, पण मुलीची फी वेळेवर भरा.