एका नुक्त्याची गोष्ट

मुलांनो, मराठीत ज्या रोगाला कर्करोग म्हणतात, त्याला उर्दूत सरतान म्हणतात. कर्क म्हणजे खेकडा आणि सरतान म्हणजेही खेकडा. भाषा दोन, पण भीती एकच! या भीतीमुळे कितीतरी घरांत रोगाचे नावही घेत नाहीत. ‘तो आजार’ असे हळूच म्हणतात. माझ्या मते ही कुजबुज आता थांबली पाहिजे. का, ते सांगतो.

वहीत उर्दूत ‘हाल’ हा शब्द लिहा. त्याच्या पहिल्या अक्षराच्या पोटात एक नुक्ता द्या. लगेच ‘जाल’ झाले! एका ठिपक्याने अर्थ पार बदलला. आपल्या शरीरातही असेच लिखाण असते. जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा लांब धागा असतो. त्यावर फक्त चार प्रकारची अक्षरे वापरून सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो. पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, हे त्यात असते. महत्त्वाच्या जागी चुका साठत गेल्या, की पेशी थांबायचे विसरते. ती वाढतच जाते. हाच कर्करोग.

या चुका शोधतात कशा? रोग्याच्या गाठीचा लहान तुकडा आणि त्याचेच थोडे रक्त घेतात. दोन्हींतील अक्षरे यंत्राने वाचतात. मग संगणक दोन्ही मजकूर ताडून पाहतो. गुरुजी तुमची वही पुस्तकाशी ताडून पाहतात, तसेच हे. फक्त गाठीत बदललेली अक्षरे म्हणजे गाठीच्या चुका. चूक नेमकी कळली, तर काही रोग्यांना नेमके औषध देता येते.

गालाच्या आतील भागाचा व हिरड्यांचा कर्करोग आपल्या देशात पुष्कळ आढळतो. तंबाखू चघळणे हे त्याचे मोठे कारण. पश्चिम बंगालमधील कल्याणी आणि नवी मुंबईतील खारघर येथील संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांनी अशा ११० भारतीय रोग्यांचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही चुका पूर्वी माहीत असलेल्याच निघाल्या. काही मात्र या रोगात प्रथमच दिसल्या. म्हणून आपल्या माणसांची माहिती हवी. केवळ परक्या देशांतील रोग्यांवरून आपले निदान पूर्ण होणार नाही.

काही चुका आईवडिलांकडूनही येतात. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध ज्यांनी लवकर ओळखला, त्यांत पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे होत्या. निवृत्तीनंतर, १९८९ साली, त्यांनी आपल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली. माहितीशिवाय इलाज नाही, हे त्या जाणून होत्या. पुढे १९९४ व १९९५ साली बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुके शोधली गेली. त्यांतील काही चुकांमुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

आता समजा, एखाद्या घरात दादीला आणि मग फुफीला हा रोग झाला. अम्मी मुलीला म्हणते, “बाहेर बोलू नकोस, रिश्ते मोडतील.” अम्मीची भीती खोटी नाही. लोक बोलतात. पण डॉक्टरांपासूनही ही गोष्ट लपवली, तर त्या मुलीची तपासणी वेळेवर कशी होणार? अशी चूक वडिलांकडूनही मुलीत येते. ती असली म्हणजे रोग होणारच, असेही नाही. बहुतेक कर्करोग वारशाने येत नाहीत आणि स्पर्शाने तर कोणताच पसरत नाही. मग लाज कशाची? लाज वाटावी ती नाव ठेवणाऱ्यांना.

कोणी म्हणेल, “आमच्या माहितीचा गैरवापर झाला तर?” ही शंका योग्य आहे. रोग्याची संमती घेतलीच पाहिजे आणि त्याचे नाव गुप्त राहिलेच पाहिजे. कोणी म्हणेल, “ही चाचणी महाग आहे.” तेही खरे आहे. पण ती प्रत्येकाला लागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला मात्र पैसा लागत नाही.

म्हणून मुलांनो, आज घरी विचारा. कोणाला, कोणत्या वयात, कोणता आजार झाला, ते वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांनी विचारले, की ती वही दाखवा. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर दवाखान्यात जा. आणि तंबाखूची पुडी कोणी पुढे केली, तर स्पष्ट ‘नाही’ म्हणा. शरीराच्या मजकुरात आपल्या हाताने चुका कशाला घालायच्या?