लढायांचे इतिहास आणि डिटेक्टिव्हच्या गोष्टी

शाळेच्या ग्रंथालयांत कोणतीं पुस्तकें ठेवावीं, हा वाद वरचेवर निघतो. लढायांच्या इतिहासांविषयीं कोणाचें दुमत नसतें. खून, चोऱ्या व डिटेक्टिव्ह यांच्या गोष्टी मात्र मुलांच्या हातीं पडूं नयेत, असें पुष्कळ पालकांचें व कांहीं शिक्षकबंधूंचेंहि म्हणणें असतें. आम्हांस हें मान्य नाहीं. जपून वाचावयाचीं पुस्तकें निवडावयाचींच असतील, तर तीं आधीं पहिल्या वर्गांतून निवडावीं.

सर आर्थर कॉनन डॉयल यांचेंच उदाहरण घ्या. शेरलॉक होम्सचे जनक म्हणून त्यांस सारे ओळखतात. परंतु त्यांनीं बोअर युद्धाचा एक मोठा इतिहासहि लिहिला, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. १९०० सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत ब्लुमफाँटेन येथील इस्पितळांत जखमी व तापानें फणफणलेल्या शिपायांची शुश्रूषा करीत होते. त्याच वर्षीं, युद्ध संपण्यापूर्वींच, त्यांचा ग्रंथ बाहेर पडला. वर्णनें सरस आहेत, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. पुढें १९०२ सालीं ब्रिटिश सैन्याच्या वर्तनाचें समर्थन करणारें दुसरें पुस्तक त्यांनीं लिहिलें. ज्या छावण्यांत बोअर बायकामुलें कोंडलीं होतीं, त्यांत सुमारें २८,००० जीव गेले, व त्यांत बहुतेक मुलें होतीं. एमिली हॉबहाउस या बाईंनीं तेथील हाल १९०१ सालींच इंग्लंडपुढें मांडले होते. काळ्या लोकांच्या छावण्या निराळ्या. तेथील मृतांची तर धड मोजदादहि झाली नाहीं. बुटावरील चिखलाचाहि पुरावा मागणारा होम्स ज्या लेखणीनें निर्मिला, तीच लेखणी स्वराष्ट्राचा प्रश्न येतांच वकिलाची झाली!

त्याच युद्धांत मॅफकिंग गांवास २१७ दिवस वेढा पडला होता. बालवीरांचे बेडन-पॉवेल ते तेथलेच सेनापति. परंतु त्या वेढ्यांत सॉल प्लाटजे नांवाचा एक आफ्रिकी तरुणहि अडकला होता. शिक्षण मिशनच्या शाळेंत, नोकरी कोर्टांत दुभाष्याची, वय अवघें तेवीस. गोऱ्यांच्या व काळ्यांच्या वांट्यास आलेल्या अन्नांत केवढें अंतर होतें, काळे लोक भुकेनें कसे तडफडले, हें त्याच्या डायरींतून कळतें. ती डायरी छापून निघावयास १९७३ साल उजाडलें. तोंपर्यंत एकाच बाजूची साक्ष घेऊन खटला निकालांत निघाला होता.

रहस्यकथा निर्दोष असतात असें नव्हे. ‘द साइन ऑफ फोर’ या १८९० सालच्या कादंबरींत अंदमानचा टोंगा हा राक्षसासारखा रंगविला आहे, व त्या लोकांस नरमांसभक्षक म्हटलें आहे. तेथें पुरावा कोणीच मागत नाहीं. तथापि या गोष्टींनीं एक संवय लागते: हें कोण सांगतो, तो त्या वेळीं कोठें होता, आणि त्यांत त्याचा लाभ काय, असें विचारण्याची.

आपल्याकडे हेच प्रश्न एका विद्यार्थ्यानें केले होते. ज्या मोहिमेनें १८१८ सालीं पेशवाई बुडविली, तींत ग्रँट डफ स्वतः होते. त्यांनींच १८२६ सालीं मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, व तो प्रमाण मानला जाऊं लागला. १८६८ सालीं नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं विद्यार्थिदशेंतच त्यांतील दोष उघड करून दाखविले. मोठें नांव पाहून ते दबले नाहींत.

म्हणून आमची सूचना अशी कीं, दोन्ही प्रकारचीं पुस्तकें एकाच कपाटांत राहूं द्यावींत. जो मुलगा डॉयल यांचा इतिहास नेईल, त्याच्या हातीं प्लाटजेची डायरीहि द्यावी, आणि मॅफकिंगमध्यें कोणास किती खावयास मिळालें, तें दोहोंतून शोधून आणावयास सांगावें.