आधी ठेका, मग गिरक्या

लॅटिन नृत्ये शिकू पाहणाऱ्या नवशिक्यांवर आज जो अन्याय चालला आहे, त्याविषयी मौन पाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. पहिल्याच दिवशी त्यांना गिरक्या शिकविल्या जातात. लग्न तीन आठवड्यांवर आलेल्या वधूवरांकडून एका ठरावीक गाण्यावर हालचाली घोकून घ्यायच्या आणि साल्सा शिकविला म्हणून शुल्क घ्यायचे! गाणे बदलले की ही विद्या संपली. उदाहरणांची केवळ उत्तरे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची परीक्षेत जी गत होते, तीच यांची होते.

वस्तुतः साल्साचा पाया अगदी साधा आहे. नेहमीच्या पद्धतीत एक, दोन, तीन या मात्रांवर पाऊल पडते आणि चौथीला थांबायचे; पुन्हा पाच, सहा, सातवर पाऊल आणि आठवीला विराम. नवशिका चुकतो तो या विरामाशी. योग्य वेळी थांबणे कठीणच. आम्हां प्रवचनकारांना ते सांगावयास नको! बचातात तीन पावले आणि चौथ्या मात्रेला पायाचा हलकासा स्पर्श. मेरेंगेत तर दर मात्रेस एक पाऊल, म्हणजे जवळजवळ चालणेच. म्हणून ज्याला चालता येते त्याने मेरेंगेपासून आरंभ करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पावले लहान ठेवावीत, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर पुरता जाऊ द्यावा. कंबर मुद्दाम हलवू नये. गुडघे आळीपाळीने वाकले, सरळ झाले की ती आपसूक हलते. ओढूनताणून हलविलेली कंबर हास्यास्पद दिसते, आणि सभ्य मंडळी नाके मुरडतात तीही बहुधा तिलाच पाहून.

त्या मंडळींनाही एक गोष्ट सांगणे भाग आहे. १९६० च्या दशकात डोमिनिकन प्रजासत्ताकात बचाताच्या ध्वनिमुद्रिका निघू लागल्या, तेव्हा गोरगरिबांचे हे गिटारवरचे संगीत प्रतिष्ठितांनी असभ्य ठरविले होते. १९९० मध्ये हुआन लुइस गेरा यांचा ‘बचाता रोसा’ हा गीतसंग्रह आला आणि त्याच घरांतून ते ऐकू येऊ लागले. २०१९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात त्याची नोंद केली.

आता आपल्या लग्नसमारंभांतून कित्येक वर्षे चालत आलेला चा-चा-चा घ्या. १९५० च्या दशकाच्या आरंभी हवाना येथील व्हायोलिनवादक एन्रिके होरिन यांच्या ध्यानात आले, की आडवळणी ठेक्यांवर सामान्य नाचणाऱ्यांची पावले अडखळतात. त्यांनी लोकांना दोष दिला नाही. संगीतच सोपे केले. पादत्राणांच्या घसटण्याचा जो आवाज उठला, त्यावरूनच नृत्याला नाव मिळाले असे सांगतात. संगीतकार नवशिक्यासाठी इतका खाली वाकतो, आणि आमचे शिक्षक मात्र त्याला पहिल्या आठवड्यात रंगमंचावर चढवू पाहतात! परिणाम असा, की लग्नात दोघे नाचतात आणि चारशे माणसे खुर्च्यांवर बसून पाहतात. ज्या मावशींना, ज्या लाजऱ्या मुलाला चार पावले सहज जमली असती, त्यांना वाटते, हे आपले काम नव्हे.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी शिक्षकाला विचारावे: पहिला महिनाभर नुसता ठेका मोजून घेणार का? जोडीदार आलटून पालटून नाचविणार का? आणि हात धरण्यापूर्वी विचारावे, नको म्हटल्यास हसतमुखाने मागे फिरावे, हे शिकविणार का? तिन्हींना होकार मिळाला, तरच मुलांचे नाव घालावे, जमल्यास आपलेही.